आषाढातलं भात, मार्गशीर्षातलं भात आणि रोख्याची किंमत

शहापूर-मुरबाडच्या जुन्या माणसांना रोख्याचं गणित नवीन नाही, फक्त त्याचं नाव नवीन आहे. आषाढात कणगीतलं भात संपलं की सावकाराकडून मणभर भात उचलायचं आणि मार्गशीर्षात झोडणी झाली की दीड मण मापून घालायचं, हा व्यवहार इथल्या किती घरांनी पिढ्यान्पिढ्या केला. सव्वा मण परत दिलं तर सवाई, दीड मण दिलं तर दिढी. पाच महिन्यांत निम्मं व्याज! वर्षाचा सरळ हिशेब केला तर १२० टक्के, आणि व्याजावर व्याज धरलं तर साधारण १६५ टक्के.

हाच व्यवहार आता सावकाराच्या बाजूने पाहा. मार्गशीर्षात त्याला दीड मण येणार आहे. त्या दीड मणाची आषाढातली किंमत त्याने एक मण ठरवली. सवाईवाल्या सावकाराने त्याच दीड मणासाठी आषाढात किती दिलं असतं? दीड भागिले सव्वा, म्हणजे एक मण आणि वर पाचवा हिस्सा. पुढे येणारं भात दोघांचं सारखंच, पण ज्याची व्याजाची भूक मोठी तो आज कमी देतो आणि ज्याची भूक लहान तो आज जास्त देतो. रोख्याची किंमत अशीच ठरते. दलाल स्ट्रीटवर संगणकासमोर बसलेला माणूस याच्यापलीकडचं काही करत नाही.

हे आत्ता लिहायला कारण आहे. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला. आसनगाव-वासिंद पट्ट्यात जमिनीचे व्यवहार होतात. मुरबाडच्या एमआयडीसीतून आणि जिल्हा परिषदेच्या शाळांमधून माणसं निवृत्त होतात. एकरकमी पैसा घरात येतो आणि त्याच्यामागोमाग कागद घेऊन माणसं येतात. अशा कागदांवर सही करण्याआधी काही जण ते माझ्याकडे आणतात आणि जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, ‘व्याज किती?’ माझी तक्रार याच प्रश्नाबद्दल आहे. रोख्यावर छापलेलं व्याज हा तुमचा परतावा नव्हे. आज खिशातून किती जाणार आणि पुढे कोणत्या तारखेला किती येणार, हे विचारायचं असतं.

रोखा म्हणजे कर्जाची चिठ्ठी. सरकार, महापालिका किंवा कंपनी तुमच्याकडून उसने पैसे घेते आणि तीन गोष्टी लिहून देते: दर्शनी किंमत, म्हणजे शेवटी परत मिळणारं मुद्दल, छापील व्याज, ज्याला बाजारात कूपन म्हणतात, आणि मुदत. या तिन्ही गोष्टी ठरल्या की ठरल्या. बदलतो तो एकच आकडा, आज तो कागद विकत घ्यायला किती पैसे पडतात तो.

वही आणि साधा कॅल्क्युलेटर घेऊन बसा. समजा १,००० रुपये दर्शनी किमतीचा रोखा आहे, वर्षाला ८ टक्के व्याज आणि मुदत संपायला तीन वर्षं. म्हणजे पहिल्या वर्षाअखेर ८० रुपये, दुसऱ्या वर्षाअखेर ८०, तिसऱ्या वर्षाअखेर ८० आणि मुद्दल मिळून १,०८०. तेवढ्याच भरवशाचा नवा रोखा बाजारात आज १० टक्के देतो आहे. मग पुढच्या प्रत्येक रकमेला आजच्या किमतीत आणायचं: एक वर्ष लांबची रक्कम एकदा १.१० ने भागायची, दोन वर्षं लांबची दोनदा, तीन वर्षं लांबची तीनदा. दुकानदाराच्या गल्ल्यावर असतो तसल्या बहुतेक साध्या कॅल्क्युलेटरवर १०८० ÷ १.१ दाबून बरोबरचं बटण तीनदा दाबलं की काम होतं. पडद्यावर आधी ९८१.८२ येईल, मग ८९२.५६, मग ८११.४२. पहिले ८० रुपये ७२.७३ होतात, दुसरे ८० रुपये ६६.१२ होतात. तिन्हींची बेरीज ९५० रुपये २७ पैसे. या रोख्याला आज एवढेच द्यायचे, हजार नाही.

उलट बाजारातले नवे रोखे ६ टक्केच देत असतील तर १.०६ ने भागा. ७५.४७, ७१.२० आणि ९०६.७९ मिळून १,०५३ रुपये ४६ पैसे. कागद तोच, व्याज तेच, पण आता त्याला हजाराच्या वर भाव आहे. बाजाराचा दर वर गेला की जुन्या रोख्याची किंमत खाली येते आणि दर खाली आला की किंमत वर जाते. म्हसा गावच्या यात्रेत बैल विकायला नेलेला शेतकरी शेजारच्या दावणीचा भाव ऐकल्याशिवाय आपला भाव सांगत नाही. जुन्या रोख्यालाही शेजारच्या दावणीत नवा रोखा काय देतो ते पाहूनच भाव मिळतो.

हे नुसतं पुस्तकी उदाहरण नाही. डिसेंबर २०२०मध्ये, करोनाच्या काळात व्याजदर तळाला असताना, केंद्र सरकारने २०३०ला परतफेड होणारा ५.८५ टक्क्यांचा रोखा काढला. मे २०२२पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो दर, चढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३पर्यंत तो ४ टक्क्यांवरून ६.५ वर नेला. जून २०२२मध्ये या रोख्याचे सहामाही व्याजाचे १७ हप्ते उरले होते. बाजाराचा दर साडेसात टक्के धरून वरच्याच पद्धतीने भागाकार केला, फक्त सहामाहीचा म्हणून १.०३७५ ने, तर १०० रुपयांच्या रोख्याची किंमत ८९ रुपये ७७ पैशांच्या आसपास येते. सरकार बुडालं नाही, एक हप्ता चुकला नाही, तरी १०,००० रुपयांचा कागद नऊ हजारांच्या आत आला. ‘शेवटपर्यंत हातात ठेवला तर काही तोटा नाही’ असं यावर सांगतात. ते अर्धंच खरं आहे. मुद्दल पूर्ण मिळेल हे खरं, पण शेजारी साडेसात टक्के मिळत असताना आपण ५.८५ वर वर्षं काढतो, तोही तोटाच, फक्त पासबुकात दिसत नाही. पुढे २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने दर उतरवत डिसेंबरपर्यंत रेपो ५.२५ वर आणला. दर असे उतरले की जुन्या जास्त व्याजाच्या कागदांचे भाव चढतात.

हे गणित किती जुनं आहे ते पाहायचं असेल, तर कसारा घाट चढून नाशिकला गेल्यावर पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यासमोर थोडं थांबा. क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख तिथल्या भिंतीवर कोरलेला आहे. त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, कायमचे गुंतवले. पैकी २,००० गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, महिना शेकडा एक या व्याजाने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, महिना शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी. हिशेब ताडून पाहा: २,००० वर वर्षाला १२ टक्के म्हणजे २४० आणि वीस गुणिले बारासुद्धा २४०च! दगडावर कोरलेला हा ताळेबंद जवळपास दोन हजार वर्षांनंतरही एका कार्षापणाने चुकत नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. वर्षाला ठरावीक उत्पन्न हवं असेल तर आज किती मुद्दल ठेवायचं, हे माहीत असल्याशिवाय असा लेख कोरता येत नाही.

मुदत नसलेल्या अशा रोख्याचं गणित सर्वांत सोपं. वर्षाचं व्याज भागिले बाजाराचा दर, संपलं. उषवदाताच्या पहिल्या ठेवीचे वर्षाला २४० येतात. दुसऱ्या श्रेणीचा नऊ टक्के हाच सगळीकडचा दर झाला असता तर त्या २४० ची किंमत २४० भागिले ०.०९, म्हणजे सुमारे २,६६७ कार्षापण झाली असती. आणि दुसऱ्या ठेवीच्या ९० कार्षापणांना बारा टक्क्यांच्या दराने ७५० च मिळाले असते. आपल्याला हे सूत्र रोजच्या व्यवहारातही उपयोगी पडतं. महिना १५,००० रुपये घरखर्चाला हवेत, म्हणजे वर्षाला १,८०,०००, आणि भरवशाच्या ठिकाणी ७.२ टक्के मिळतात. १,८०,००० भागिले ०.०७२, म्हणजे २५ लाख लागतील. पंधरा लाखांत भागेल असं कोणी सांगत असेल तर तो १२ टक्क्यांचं आश्वासन देतो आहे. ते कुठून येणार, हे त्याला तिथेच विचारा.

आता उलटा प्रश्न. किंमत समोर आहे, परतावा काढायचा आहे. घरी कागद येतो तेव्हा बहुतेक वेळा हाच प्रश्न असतो.

मुरबाड तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी एकदा मला कागद दाखवला. एका कंपनीचा रोखा, छापील व्याज साडेनऊ टक्के, मुदत संपायला चार वर्षं. ‘बँकेपेक्षा अडीच टक्के जास्त आहे,’ गुरुजी म्हणाले. मी विचारलं, ‘एक लाखाच्या रोख्याला पैसे किती दिलेत?’ त्यांनी पावती उघडली. एक लाख आठ हजार. हे आठ हजार म्हणजे दलाली असावी, असं ते धरून चालले होते. प्रत्यक्षात ती रोख्याची किंमत होती आणि चार वर्षांनी त्यांना एक लाखच परत मिळणार होते. म्हणजे दरसाल २,००० रुपये मुद्दलातून झिजणार. व्याजाचे ९,५०० येतात, त्यातून झीज वजा केली तर उरतात ७,५००. दिलेले १,०८,००० आणि मिळणारे १,००,००० यांची सरासरी १,०४,०००. ७,५०० भागिले १,०४,००० म्हणजे ७.२ टक्के. बारकाईने काढलं तर ७.१ च्या किंचित वर. साडेनऊ कुठे आणि सात कुठे! त्यांना कोणी खोटं सांगितलं नव्हतं. कागदावर साडेनऊच छापलेलं होतं. पण विकणाऱ्याने मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा सांगितला नाही आणि गुरुजींनी विचारला नाही.

वर वापरलेली रीत पाठ करून ठेवा, पोस्टाच्या रांगेतसुद्धा करता येते. दर्शनी किमतीतून आजची किंमत वजा करा आणि त्याला उरलेल्या वर्षांनी भागा. आलेला आकडा वर्षाच्या व्याजात मिळवा. रोखा महाग घेतला असेल तर तो आकडा उणे येईल, मग वजा करा. आलेल्या रकमेला दर्शनी किंमत आणि आजची किंमत यांच्या सरासरीने भागा. आपला ९५० रुपये २७ पैशांचा रोखा या रीतीने ९.९ टक्के दाखवतो, खरा परतावा १० आहे. एवढा फरक चालतो. नेमका आकडा हवाच असेल तर अंदाजाचा दर घेऊन भागाकाराची बेरीज करा. बेरीज किमतीपेक्षा जास्त आली तर दर थोडा वाढवा, कमी आली तर थोडा उतरवा, तीन-चार फेऱ्यांत जुळतं. मुलगा-मुलगी कॉलेजात असतील तर त्यांना एक्सेलमधलं ‘रेट’ हे सूत्र वापरायला सांगा. त्यात क्रमाने हप्त्यांची संख्या, दर हप्त्याचं व्याज, आज दिलेली रक्कम वजा चिन्ह लावून आणि शेवटी मिळणारं मुद्दल एवढंच भरायचं. पण वहीतली रीत स्वतः एकदा केल्याशिवाय मोबाइलवर विश्वास ठेवू नका.

काही ठिकाणी ‘चालू परतावा’ म्हणून आकडा देतात, म्हणजे वर्षाचं व्याज भागिले आजची किंमत. गुरुजींच्या रोख्याचा तो ८.८ येतो. शेवटी मुद्दलात किती तूट किंवा भर पडणार हे त्यात धरलेलंच नसतं, म्हणून तो आकडा मी मोजत नाही.

सरकारी रोखे सहामाही व्याज देतात. सहामाही ४ टक्के म्हणजे वर्षाला आठ नव्हे तर ८.१६, कारण पहिल्या सहामाहीचं व्याज पुढच्या सहामाहीत कामाला लावता येतं. आणि दोन हप्त्यांच्या मधेच रोखा घेतलात तर आधीच्या मालकाचं साचलेलं व्याज किमतीवर वेगळं द्यावं लागतं. १०,००० रुपयांचा ६.३३ टक्क्यांचा रोखा, सहामाहीचे ३१६ रुपये ५० पैसे, मागच्या हप्त्यानंतर दोन महिने झालेले: साचलेलं व्याज १०५ रुपये ५० पैसे. पुढचा हप्ता पूर्ण तुम्हालाच मिळतो, त्यामुळे हे पैसे कुठे जात नाहीत. पावतीत ही ओळ दिसली म्हणून घाबरू नका.

आता जमीन विकणाऱ्यांसाठी थोडं थांबून सांगतो, कारण इथे माणसं हिशेब न करताच निर्णय घेतात. गावाकडची शेतजमीन प्राप्तिकराच्या दृष्टीने बहुधा भांडवली मालमत्ता ठरत नाही, पण नगरपंचायत किंवा नगरपालिकेच्या हद्दीपासूनचं अंतर आणि तिथली लोकसंख्या यावर ते अवलंबून असतं. लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असेल तर दोन किलोमीटर, दहा लाखांपर्यंत सहा आणि त्यापुढे आठ. बिगरशेती प्लॉटवर मात्र नफ्याचा कर लागतो. तो वाचवायला लोक ज्यांना ५४ईसीचे रोखे म्हणतात ते घेता येतात: विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत, जास्तीत जास्त ५० लाखांचे, पाच वर्षं अडकून, सध्या ५.२५ टक्के व्याजाने. ‘सव्वापाच टक्क्यांत पैसे कोण अडकवतो?’ असं म्हणून कित्येक जण कर भरून मोकळे होतात.

हिशेब करू. नफा १० लाख, त्यावर साडेबारा टक्क्यांनी कर १,२५,०००, उपकर सोडून दिला. रोखा घेतला नाही तर हातात उरतात ८,७५,०००. म्हणजे १० लाखांचा हा रोखा तुम्हाला खरोखर पडला ८,७५,०००ला! वर्षाला येणार ५२,५०० आणि पाच वर्षांनी १० लाख. मघाची रीत लावा: १,२५,००० भागिले पाच म्हणजे २५,०००, त्यात ५२,५०० मिळवून ७७,५००, भागिले ९,३७,५००. परतावा ८.२७ टक्के, बारकाईने काढला तर ८.४. व्याज करपात्र आहे. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला वर्षाला ४२,००० च उरतात, तरी परतावा सव्वासातच्या आसपास येतो. त्याच माणसाला ७ टक्क्यांच्या बँक ठेवीतून कर जाऊन ५.६ उरतात. ज्याला कर भरावा लागणार आहे आणि पाच वर्षं पैशाला हात लावायची गरज नाही, त्याने हा रोखा घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याला कर मुळात लागतच नाही, त्याने मात्र घेऊ नये, कारण मग सव्वापाच हे सव्वापाचच राहतात. आपला व्यवहार कशात मोडतो ते सातबारा, फेरफार आणि खरेदीखत घेऊन चांगल्या सीएला विचारून घ्या. त्याची फी वाचवण्याची ही जागा नव्हे.

मुदतीबद्दल एक इशारा. ७ टक्क्यांचा १०० रुपयांचा रोखा घ्या आणि बाजाराचा दर ८ झाला असं धरा. तीन वर्षांच्या रोख्याची किंमत ९७.४२ होते, दहा वर्षांच्या रोख्याची ९३.२९ आणि तीस वर्षांच्या रोख्याची ८८.७४. दर तेवढाच हलला, पण लांब मुदतीचा कागद जास्त हलला. पुढच्या वैशाखात मुलीचं लग्न असेल तर तीस वर्षांचा रोखा घेणं हा जुगार आहे, मग तो सरकारी असला तरी.

आणि अटी वाचा. सरदार सरोवर नर्मदा निगमने १९९३मध्ये ३,६०० रुपयांना रोखे दिले, वीस वर्षांनी, जानेवारी २०१४मध्ये, १,११,००० रुपये द्यायच्या बोलीवर. मधे व्याज नाही, सगळं शेवटी. वर्षाला चक्रवाढीने साधारण १८.७ टक्के! महाराष्ट्रातल्या अनेक घरांनी ते घेतले होते. पुढे व्याजदर उतरले, हे देणं जड झालं. गुजरात सरकारने २००८मध्ये कायदा करून मुदतीआधी परतफेडीचा अधिकार निगमला दिला आणि जानेवारी २००९मध्ये ५०,००० रुपये देऊन रोखे मिटवले. सुरुवातीपासून ज्याच्याकडे रोखा होता त्याला तरी वर्षाला १९ टक्के पडले. पण पाच वर्षांनी येणाऱ्या १,११,००० ची २००९मधली किंमत ९ टक्के दराने काढून पाहा: सुमारे ७२,०००. त्या भावाने बाजारात ज्याने तो कागद घेतला असता, त्याचे २२,००० एका कायद्याने गेले असते. म्हणून ‘मुदतीआधी परत घेण्याचा अधिकार’ ही ओळ कागदावर कुठे आहे ते शोधा आणि तसा रोखा घेताना परतावा दोनदा काढा, एकदा शेवटच्या तारखेपर्यंत आणि एकदा परत घेण्याच्या पहिल्या तारखेपर्यंत. दोघांत जो कमी, तो तुमचा.

हे सगळं गणित पैसे येणारच असं धरून आहे. येणार नसतील तर गणिताला अर्थ नाही. दिवाण हाउसिंग फायनान्स २०१९मध्ये हप्ते चुकवू लागली तेव्हा तिच्या अनेक रोखेधारकांना आणि ठेवीदारांना पुढे पूर्ण मुद्दलही मिळालं नाही. सरकारी रोख्यापेक्षा दोन-तीन टक्के जास्त मिळतात, ते जोखमीची मजुरी म्हणून मिळतात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे, कंपनीच्या रोख्याला तसं काही नाही. पतमानांकन बघाच, पण ते बदलतं हेही ध्यानात ठेवा. आयुष्याची पुंजी एका कंपनीच्या कागदात घालू नये, मग मानांकन कितीही चांगलं असो.

सरकारी रोखे घ्यायला आता दलाल लागत नाही. १२ नोव्हेंबर २०२१ला सुरू झालेल्या ‘आरबीआय रिटेल डायरेक्ट’ योजनेत पॅन, ओळखीचा अधिकृत पुरावा, बँक खातं, मोबाइल आणि ईमेल एवढ्यावर रिझर्व्ह बँकेकडेच फुकट खातं उघडता येतं. १०,००० रुपयांपासून केंद्राचे रोखे घेता येतात, तसंच महाराष्ट्र शासनाचे विकास कर्जरोखेही. राज्यांच्या रोख्यांचा लिलाव सहसा मंगळवारी असतो. मोठ्या बँका भावाची बोली लावतात, आपण फक्त रक्कम सांगायची, भाव लिलावात ठरतो तो मिळतो. मात्र मुदतीआधी विकायला गेलात तर लहान रकमेला गिऱ्हाईक आणि चांगला भाव लगेच मिळेलच असं नाही. ज्याला किमतीची वर-खाल नकोच आहे त्याच्यासाठी रिझर्व्ह बँकेचे बदलत्या दराचे बचत रोखे आहेत: सात वर्षं, राष्ट्रीय बचतपत्रापेक्षा ०.३५ टक्के जास्त, म्हणजे बचतपत्राच्या सध्याच्या ७.७ वर ८.०५. व्याज १ जानेवारी आणि १ जुलैला खात्यात येतं. ते बाजारात विकता येत नाहीत, त्यामुळे त्यांचा भावही पडत नाही. निवृत्त माणसाला मी आधी हेच सुचवतो.

‘दहा वर्षांत दुप्पट’ असं कोणी म्हणालं तर ते १० टक्के नव्हेत. ७२ ला वर्षांनी भागा, ७.२ येतात. पोस्टाचं किसान विकासपत्र ११५ महिन्यांत दुप्पट होतं, म्हणजे साडेसात टक्के. या मोजपट्टीवर इतर योजना घासून पाहता येतात.

शेवटी पैशाचं माप पुन्हा भातात करून बघा. ७ टक्के परतावा आणि ५ टक्के महागाई असेल तर १.०७ भागिले १.०५, म्हणजे पोत्यांच्या हिशेबात वर्षाला दोन टक्क्यांनाही थोडं कमीच. आज शंभर पोती घेता येतील एवढे पैसे वर्षभर अडकवले तर पुढच्या वर्षी त्यातून जेमतेम १०२ पोती येतील, आणि व्याजावर कर बसत असेल तर शंभराच्या थोडीच वर.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी कागद घेऊन ओटीवर येऊन बसला तर त्याला चहा द्या आणि त्याच्यासमोर वही उघडा. आज किती द्यायचे, कोणत्या तारखेला किती येणार आणि मुदतीआधी परत घेण्याची अट आहे का, हे त्याच्याच हाताने लिहून घ्या. मग तो गेल्यावर, दिवा लावून, स्वतः भागाकार करा. सही दुसऱ्या दिवशी करा.